सुपरहिरोची ओरिजिन स्टोरी लिहायचीय? आधी त्याच्या डोक्यावरचं देणं शोधा

गोव्यात मराठीतून लिहिणारी पोरं हल्ली सुपरहिरो लिहायला लागलीयत आणि मला ते मनापासून आवडतं, पण त्यांची ओरिजिन स्टोरी, म्हणजे हिरो हिरो कसा झाला ती गोष्ट, वाचायला घेतली की बहुतेक एकाच जागी रुततात. पहिलं पान, हिरो लहान, आईबाप गेले किंवा लॅबमध्ये स्फोट झाला किंवा देवळामागच्या तळीत काहीतरी चमकलं, मग ताप, मग स्वप्नं, मग आरशासमोर उभं राहून स्वतःचे हात बघणं, आणि पंधरा पानं झाली तरी तो अजून कोणाच्या कानाखाली एकही वाजवत नाही. तोवर वाचणारा रील्सवर पोचलेला असतो.

पल्पला, म्हणजे स्वस्त मासिकांतल्या थरारक गोष्टींना, एवढा निवांतपणा कधीच परवडला नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, भडक कव्हर, वाचून संपलं की दुसऱ्याला द्यायचं, असा तो मामला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार आणि काळा पहाड आठवा, किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. ही माणसं पहिल्या परिच्छेदात दार वाजवून आत यायची. कोण, कुठला, का, हे नंतर बघू.

तर मी इथे जे सांगणार आहे ते एवढंच, की ताकद कुठून आली हे वाचकाला दोन ओळीत पुरतं. त्याला खरं हवं असतं ते हे, की हा माणूस रात्री घरी झोपत का नाही, त्याला हे सोडून का देता येत नाही. म्हणजे त्याच्या डोक्यावर कोणाचं तरी देणं पाहिजे, पैशाचं नव्हे, न फिटणारं. ते देणं सापडलं की ताकद, वेष, नाव, दुष्मन, सगळं त्यातूनच निघतं आणि तुम्हाला वेगळं काही शोधावं लागत नाही. नुसतं बोलून उपयोग नाही म्हणून एक हिरो इथेच बांधून दाखवतो.

देणं कसं शोधायचं

गोव्यात हे शोधायला लांब जायला नको. सत्तरी तालुक्यात झर्मे गावाला शिगम्याच्या, म्हणजे इथल्या होळीच्या, दिवसांत चोरोत्सव होतो, काही जणांना मानेपर्यंत जमिनीत पुरतात, आणि त्यामागची समजूत अशी की कधीकाळी गावाने वाटसरूंना चोर समजून मारलं आणि ते निरपराध होते हे नंतर कळलं. एक अख्खं गाव दर वर्षी आपल्या चुकीची आठवण अंगावर घेतं. ओरिजिन स्टोरीचा पाया याच्याहून मजबूत कुठे मिळणार?

एक सांगतो, हा उत्सव उचलून जसाच्या तसा गोष्टीत टाकू नका, तिथल्या लोकांचा तो श्रद्धेचा भाग आहे. त्याचा सांगाडा तेवढा घ्या: वाटसरू, चुकीचं समजणं, मग जन्मभराचं ओझं.

आपला हिरो सगुण. डिचोली तालुक्यातला, गावाचं नाव खोटं द्या नाहीतर ‘आमच्या गावात असं काही नाही’ म्हणून कोणीतरी घरी येईल. 1978 साली सगुण एकोणीस वर्षांचा, मायनिंगच्या टिपरवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकवर, क्लीनर. पावसाळ्यात खाणीचं काम थंड असतं, खड्डे पाण्याने भरलेले, पोरं रिकामी. एका संध्याकाळी कोणीतरी परका माणूस येतो, हातात कागदांची पिशवी, फोरमनच्या क्वार्टरची वाट विचारतो. सुपरवायझरने आधीच सांगून ठेवलंय की असा कोणी आला तर त्याला खड्ड्याच्या वाटेने पाठव, जरा घाबरू दे, आणि वर दहा रुपये दिलेत. सगुण बोटाने डावीकडे दाखवतो. एवढंच. सकाळी खड्ड्याच्या पाण्यावर एक चप्पल तरंगत असते.

बघा, इथे हिरोने खून केलेला नाही. त्याने बोट दाखवलंय. कोर्टात त्याला कोणी काही म्हणणार नाही आणि म्हणूनच ते फिटत नाही. देणं निवडताना ही चाचणी लावा: कायद्याने, माफीने किंवा पैशाने ते मिटत असेल तर ते सुपरहिरोला पुरणारं नाही, त्यावर एक बरी कौटुंबिक कथा होईल फार तर. आणि आईबाप मारायची घाई करू नका. मेलेल्या आईबापांवर ज्यांनी त्यांनी गोष्टी उभ्या केल्या आहेत, आणि त्यात हिरोचा स्वतःचा हात नसतो, तो नुसता बिचारा असतो. बिचारा माणूस पहिल्या भागापुरता चालतो, दहाव्या भागापर्यंत त्याचा कंटाळा येतो.

ताकद देण्यातूनच काढा

सगुणने एकाला वाट चुकवली. मग त्याची ताकद कसली असणार? चकवा. रात्री रानात चकवा लागतो, माणूस तासन् तास त्याच त्याच जागी फिरत राहतो, हे कोकणात-गोव्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, आणि लिहिणाऱ्याला याच्याएवढं फुकट दुसरं काही मिळत नाही. रेडिएशन, सीरम, उल्का असलं काही आणलंत की अर्धं पान विज्ञान समजावण्यात जातं आणि ते विज्ञान खोटं आहे हे नववीतल्या पोरालाही कळतं. चकवा म्हटलं की संपलं.

ती मिळाली कशी, तेही दोन ओळीत. गोव्यात वेताळाला चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. सगुणकडे ती एक चप्पल राहिलीय, मेलेल्या माणसाची, टाकवत नाही आणि ठेववत नाही, तर तो ती नेऊन गावच्या सीमेवर राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या अशाच देवाच्या, घुमटीपाशी (छोट्या देवळीपाशी) ठेवतो, नव्या चपलांच्या जोडांमध्ये ती एकटी, जुनी, चिखल लागलेली. सकाळी बाकीचे जोड जागेवर असतात, ती नसते. बस्स. कोणी प्रकट होत नाही, कोणी बोलत नाही, वीज चमकत नाही. राखणदाराच्या तोंडी डायलॉग घालायचा मोह होईल, घालू नका, एक तर ते हास्यास्पद होतं आणि दुसरं म्हणजे ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ते टोचतं.

आता हद्द आणि किंमत, या दोन गोष्टी नसतील तर ताकद कंटाळवाणी होते. हद्द तर राखणदाराच्या कल्पनेतच आहे: त्याची सीमा असते. म्हापशाच्या बोडगेश्वराला राखणदार म्हणतात तो म्हापशाचा, तसंच प्रत्येक गावाचं. म्हणून सगुणचा चकवा गावच्या शिमेच्या आतच चालतो. नदी ओलांडली की तो नुसता सगुण. म्हणजे दुष्मनाला कळलं की त्याला शिमेबाहेर बोलवायचं, तुमचा तिसरा-चौथा भाग तिथेच तयार.

किंमत मात्र मी बराच वेळ डोक्यात घोळवली, कारण पल्पमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. नाकातून रक्त येणं, चक्कर येणं, हे सगळं बघून बघून विटलंय. किंमत सुद्धा देण्याच्या जातीची पाहिजे. सगुण ज्या रात्री कोणाला चकवा लावतो त्या रात्री त्याच्या स्वतःच्या डोक्यातून एक वाट कायमची पुसली जाते. कुठली, ते त्याच्या हातात नाही. आणि दिवसा तो काय करतो? तो मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे बाइकवरचा टॅक्सीवाला. पिवळ्या मडगार्डची बाइक, डिचोली बसस्टँडवर उभा, लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवायचं काम.

गोव्याबाहेरच्या वाचकाला पायलट म्हणजे विमान वाटेल, वाटू दे, पुढच्या वाक्यात कळेल त्याला. पण आता बघा हं काय झालं. दिवसा लोकांना वाट दाखवणारा, रात्री चुकवणारा, आणि दर वेळी त्याच्या धंद्याचा एक तुकडा गळतोय. एखादी बाई मयेला जायचं म्हणते आणि तो म्हणतो मी त्या बाजूला जात नाही. स्टँडवरचे बाकीचे पायलट म्हणतात हा माजलाय. वाचकाला मात्र हळूहळू लक्षात येतं की हा मयेची वाट विसरलाय. एक अक्षर स्पष्टीकरण न देता तुमची अख्खी ओरिजिन त्या एका नकारात दिसते. शेवटी कधीतरी स्वतःच्या घराची वाट जाणार हे वाचकाला दिसत राहतं, ती कधी घालवायची ते तुम्ही ठरवा, पण लवकर नको.

गोव्यात मुखवटा चालत नाही

न्यूयॉर्कमध्ये मुखवटा घालून माणूस लाखोंच्या गर्दीत गायब होतो. आपल्याकडे तुम्ही तोंड झाकून गावात शिरलात तर सोप्यावर बसलेली म्हातारी चालण्यावरून सांगेल की हा अमक्याचा धाकटा. बाइकच्या आवाजावरून कोणाची बाइक ते कळतं. अनोळखी दिसलात तर पहिला प्रश्न, ‘कोणाचो रे तूं?’ नाव नंतर. अशा ठिकाणी सीक्रेट आयडेंटिटी लिहायची म्हणजे नुसती टोपी खाली ओढून भागत नाही.

मला यावर तीन वाटा दिसतात. एक, हिरो बाहेरून आलेला, आणि त्याचं साधं रूप इतकं आदराचं की कोणी संशयच घेत नाही. याला आपल्याकडे खरा दाखला आहे, मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, गोव्यात मराठी शिकवायला आलेले मास्तर, आणि त्याच वेळी पोर्तुगीजांविरुद्ध आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात. 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि गोवा सुटल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, सुटले ते 1969 च्या जानेवारीत. आता, खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाला उचलून सुपरहिरो करू नका, ते मला बरं वाटत नाही, त्यांना ताकद चिकटवली की त्यांनी केलेलं कमी होतं. पण दिवसा फळा आणि रात्री काडतुसं हे रूप इथल्या मातीतलं आहे एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी वाट, सगळ्या गावाला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. हे गोव्यात शंभर टक्के पटतं. फक्त मग सस्पेन्स वेगळ्या जागी ठेवावा लागतो, कोण आहे यावर नाही, कोण फुटेल यावर.

तिसरी वाट, आणि सगुणसाठी मी हीच घेतली: असं काम ज्याच्याकडे कोणी बघत नाही. पायलटच्या मागे बसणारा माणूस त्याची पाठ आणि हेल्मेट बघतो, तोंड नाही. मागे बसून लोक काहीही बोलतात, कोणाची जमीन कोण लाटतोय, कोणाची फाइल कुठे अडकलीय, कोणाचा जावई कुठे जातो. बातम्या आपोआप हिरोच्या कानावर येतात, तुम्हाला इन्फॉर्मर नावाचं पात्र घालायला नको. फेरीबोटीवरचा खलाशी, सकाळी पाव विकणारा पोदेर, जत्रेतल्या नाटकाचा पडदा ओढणारा, हे सगळे या कामाला बरे. आणि सोप्यावरच्या त्या म्हातारीला सोडू नका, तिला सगळं कळलंय असं ठेवा, ती फक्त रात्री तोंड धुवायला पाण्याची बादली बाहेर ठेवते.

वेषाचं काय, तर गद्यात वेष दिसत नाही हे पहिलं मान्य करा. कॉमिकमध्ये चित्रकार केप काढतो आणि विषय संपतो, तुम्ही केपचं वर्णन चार ओळी केलंत तर वाचक त्या चारही ओळी गाळतो. गद्यातला वेष म्हणजे आवाज, वास आणि दुसऱ्याची प्रतिक्रिया. सगुण अंगाला खाणीची तांबडी माती फासतो, हे एकदाच सांगा. त्यानंतर फक्त काठीचा आवाज, ओल्या मातीचा वास, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर उठलेली तांबडी पाच बोटं. नावही तिथूनच: तांबडा चकवा. दोन शब्द, एक रंग आणि एक भीती, जुन्या रहस्यकथांच्या कव्हरवर शोभेल असं. इंग्रजी नाव देऊ नका. कॅप्टन गोवा वगैरे ऐकलं की मला क्रूझ बोटीची जाहिरात आठवते.

ओरिजिन कधी सांगायची

उशिरा, आणि थोडक्यात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, पल्पचा इतिहासच तसा आहे. 1919 साली आलेल्या पहिल्या झोरोच्या गोष्टीत तो मऊ, आळशी वाटणारा डॉन दिएगो म्हणजेच झोरो हे शेवटाला उघड होतं. शॅडो या अमेरिकन पल्प हिरोचं मासिक 1931 साली सुरू झालं, आणि तो खरा कोण याचा खुलासा त्याचा लेखक वॉल्टर गिब्सनने 1937 साली केला, सहा वर्षं लोक दर अंकाला पैसे देऊन न कळता वाचत होते! बॅटमॅन 1939 च्या मे महिन्यात आला आणि त्याच्या आईबापांची गोष्ट नोव्हेंबरच्या अंकात, तीही दोन पानांत. सुपरमॅनने 1938 साली सुरुवातीलाच सांगून टाकलं, पण एका पानात आटपलं आणि लगेच कामाला लागला. डॉक सॅव्हेज हा दुसरा पल्प हिरो जरा वेगळा, त्याची पहिली गोष्ट बापाच्या मृत्यूनेच सुरू होते, पण तिथेही तो मृत्यू म्हणजे केस आहे, आठवणींचा हुंदका नाही.

शॅडोच्या पहिल्याच कादंबरीतली एक युक्ती तर सरळ चोरावी अशी आहे. गोष्ट शॅडोपासून सुरूच होत नाही. धुक्यात एक माणूस पुलावरून जीव द्यायला निघालाय, त्याला कोणीतरी मागे खेचतं, आणि पुढचं बरंचसं आपण त्या वाचलेल्या माणसाच्या नजरेने बघतो. हिरो बाहेरून दिसतो, म्हणून तो मोठा दिसतो. सुपरहिरोच्या डोक्यात शिरून ‘मला आज वाईट वाटत होतं’ असं लिहिलंत की तो आपल्यासारखाच होतो, आणि मग त्याला तांबडी माती फासायची काय गरज.

आपल्या गोष्टीला काळ कुठला द्यायचा यावर थोडं बोलतो कारण यात लोक फार घोळ घालतात. आजचा काळ घेतलात तर मोबाइल आला, मोबाइलमध्ये मॅप आला, आणि चकवा लागलेला माणूस लोकेशन पाठवून मोकळा. मी 1986 चा पावसाळा घेईन. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. अचानक पणजी आणि बार्देश तुटले, सगळी गर्दी फेरीवर, माणसं अडकली, माल अडकला, आणि ज्याला गुपचूप काही पार करायचंय तो मये-चोडणच्या आतल्या वाटा शोधायला लागला. म्हणजे दुष्मन स्वतःहून सगुणच्या शिमेत येतो! खरी घटना अशी वापरायची, पार्श्वभूमी म्हणून रंग द्यायला नव्हे, माणसांना वाट बदलायला लावायला. ज्यांना मायनिंग बंद झाल्यानंतरचा काळ घ्यायचाय, 2012 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या तेव्हाचा, त्यांनी जरूर घ्या, दारात उभे राहिलेले टिपर आणि बँकेचे हप्ते यात देण्याचा विषय वेगळाच चढतो, फक्त मोबाइलचं काय करायचं ते आधी ठरवा. खाणीच्या खोल भागात रेंज नाही हे एकदा चालतं, प्रत्येक भागात चालत नाही.

मांडणीसाठी डॉक सॅव्हेज लिहिणाऱ्या लेस्टर डेंटचा फॉर्म्युला अजून कामाला येतो. सहा हजार शब्दांची गोष्ट, दीड-दीड हजाराचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात हिरोवर नवीन संकट आणि शेवटाला एक कलाटणी. पहिल्या तुकड्यात आपला साक्षीदार आणा, समजा फेरी चुकलेला एक कॉलेजचा पोरगा, त्याने रात्री जेटीवर काहीतरी बघितलंय जे बघायला नको होतं. दुसऱ्यात त्याच्या मागे माणसं लागतात आणि त्यांना चकवा लागतो. तिसऱ्यात पोरगा दिवसा स्टँडवर एका पायलटला म्हणतो मला मयेला सोड, आणि पायलट नाही म्हणतो. ओरिजिन चौथ्यात, तीही सुपरवायझरसमोर, कारण 1978 साली दहा रुपये देणारा तोच होता आणि आता तो मोठा कंत्राटदार झालाय. सगुण त्याला मारत नाही. तो त्याला वाट विचारायला लावतो.

नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून दुसऱ्या तुकड्यातला एक परिच्छेद लिहून दाखवतो:

मुकादमाने तिसऱ्यांदा तोच टिपर ओलांडला. मागचं डावं चाक नसलेला, हौद्यात पावसाचं पाणी साचलेला. जेटीची वाट उजवीकडे, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, बारा वर्षं तो याच वाटेवर ट्रिपा मोजत आला होता. तो उजवीकडे वळला. चिखल, चढ, उतार, करवंदीची जाळी. समोर टिपर. मागचं डावं चाक नव्हतं. त्याने टॉर्च खाली धरला आणि लगेच बंद केला, कारण उजेडात त्याला त्याचीच पावलं दिसली होती, एकावर एक, तीन वेळा. दगडावर काठी आपटली. टक्. ओल्या मातीचा वास एकदम जवळ आला, आणि अगदी खांद्यापाशी कोणीतरी बोललं, स्टँडवर रोज ऐकू येतो तसल्या साध्या, थकलेल्या आवाजात:

‘खंय वचपाचें, पात्रांव?’

यात चकवा हा शब्द नाही. ताकदीचं वर्णन नाही. चाक नसलेला टिपर दोनदा येतो तेवढ्यावर वाचक सगळं समजतो. आणि शेवटचं वाक्य, ‘कुठे जायचं, मालक?’, म्हणजे पायलटचं रोजचं गिऱ्हाइकाला विचारायचं वाक्य आहे, जे तिसऱ्या तुकड्यात तो पोरगा स्टँडवर ऐकणार आहे, अगदी त्याच शब्दांत, भर दुपारी. तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो, वाचकाच्या आधी येतो. सीक्रेट आयडेंटिटी फोडायची तर अशी, कोणी मुखवटा ओढून काढायची गरज नाही.

भाषेचं म्हणाल तर निवेदन मराठीत आणि बोलणं कोकणीत ठेवा, निदान गावातल्या माणसांचं. गोव्यात मराठी वाचणारा माणूस घरात कोकणीच बोलतो, त्याला खाणीवरचा मुकादम पुणेरी बोलताना ऐकला की सगळं नाटकी वाटतं. पण लांब संवाद नको, महाराष्ट्रातला वाचक अडखळेल असं वाक्य असेल तर ते छोटं करा किंवा पुढच्या हालचालीतून अर्थ कळू द्या.

चकवा नको असेल, तुम्हाला शहरी हिरो हवा असेल, तर पणजीत जुन्या सेक्रेटरिएटशेजारचा आबे फारियाचा पुतळा बघून या, हात पुढे केलेला आणि समोर एक बाई कोसळतेय. 1756 साली कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा, आणि त्याचं म्हणणं असं होतं की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कुठलंही चुंबकीय द्रव्य वाहत नाही, जे काय होतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेने होतं. पल्प हिरोला याहून चांगली ताकद कुठली! हद्दही आयती मिळते, समोरच्याने मनातून विश्वास ठेवला नाही तर काही चालत नाही. देणं मात्र तुम्हाला शोधावं लागेल, कोणाला तरी अशी सूचना दिली की जी परत घेता आली नाही, असं काहीतरी.

चौथ्या तुकड्यातली ओरिजिन प्रत्यक्ष लिहाल तेव्हा तीनशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. संध्याकाळ, परका माणूस, त्याने वाट विचारली, दहाची नोट, बोट, सकाळ, चप्पल. परक्या माणसाचं नाव सगुणला माहीत नाही आणि वाचकालाही सांगायचं नाही, ते तुमच्या दुसऱ्या गोष्टीसाठी ठेवा, कारण कागदांच्या पिशवीत काय होतं हेही अजून कोणी विचारलेलं नाही. आणि घुमटीपाशी चप्पल ठेवली हा भाग तर या तीनशे शब्दांत घालूच नका. तो म्हातारीच्या तोंडी द्या, तिने ते पाहिलं होतं, आणि ती ते पोराला पाण्याची बादली उचलता उचलता सांगते, चार वाक्यांत, जेवायला थांबतोस काय असं विचारायच्या आधी.